वाटाण्याचा सिनेमा

भारतातला पहिला सिनेमा कोणता, असं कुठल्याही क्विझमध्ये विचारलं की बझरवर चार हात एकदम पडतात. राजा हरिश्चंद्र, 1913, दादासाहेब फाळके. दहा मार्क्स, पुढचा प्रश्न! पण याच दादासाहेबांनी हरिश्चंद्राच्या आधी, त्याच कॅमेऱ्याने, जेमतेम मिनिटभराची एक फिल्म काढली होती. तिच्यात राजा नाही, राणी नाही, ऋषी नाही की स्मशान नाही. कुंडीत पेरलेला वाटाणा उगवतो, वाढतो आणि त्याचा वेल होतो, एवढीच स्टोरी. नाव 'अंकुराची वाढ'.

सध्या पर्यावरणावरच्या डॉक्युमेंटरी फिल्म्सना चांगले दिवस आले आहेत. 2023 मध्ये कार्तिकी गोन्साल्विसच्या 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला ऑस्कर मिळालं तेव्हा आमच्या मेसमध्ये सुद्धा टाळ्या पडल्या, आणि मेसमध्ये टाळ्या फक्त क्रिकेटला पडतात. पुण्यात किर्लोस्कर वसुंधरा महोत्सवाने अशा फिल्म्स बघायची कित्येकांना सवय लावली. हे सगळं नवीन आहे, बाहेरून आलंय, बीबीसी आणि डिस्कव्हरीने शिकवलंय असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. म्हणून मित्रांनो, मला त्र्यंबकेश्वरच्या एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. हरिश्चंद्राची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती मी पळतच सांगणार आहे. मला थांबायचंय ते वाटाण्यापाशी.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. घरात पोथ्या, स्तोत्रं, सोवळं-ओवळं. मुलगा मात्र चित्रं काढण्यात, नाटकं करण्यात, जादूचे प्रयोग करण्यात रमणारा. वडिलांना मुंबईत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब तिकडे आलं. 1885 साली धुंडिराजांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घातलं. तिथून पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकला तर शिकलेच, शिवाय फोटोग्राफी, मॉडेलिंग, आर्किटेक्चर असं जे जे दिसेल ते उचललं. आजच्या भाषेत सांगायचं तर या माणसाने एकही इलेक्टिव्ह सोडला नाही.

पुढची वीस-बावीस वर्षं वाचताना आपल्यालाच धाप लागते. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगने पहिली बायको आणि मूल दोन्ही गेली. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकून तिचे प्रयोग केले, त्यासाठी स्वतःचं नाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' असं घेतलं. (फाळके उलटं वाचून बघा!) 1902 मध्ये दुसरं लग्न झालं, पत्नीचं नाव सरस्वतीबाई. या बाईंबद्दल पुढे बरंच सांगायचं आहे. 1903 पासून पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून नोकरी, म्हणजे सरकारी पगार. वंगभंगानंतर स्वदेशीची लाट आली, त्यांनी ती नोकरी सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा कारखाना टाकला. राजा रविवर्म्याच्या प्रेससाठी काम केलं. रंगीत छपाईचं तंत्र शिकायला 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले. कारखाना दादरला आणला होता, तिथे भागीदारांशी बिनसलं आणि त्यांनी अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडावं तसा तो धंदा सोडला. तेव्हा वय चाळीस, पदरात मुलं, हातात काम नाही. आपल्याकडे एखादा सीनियर असा सारखा ब्रँच बदलत राहिला असता तर त्याला एव्हाना सगळ्यांनी मिळून समजावलं असतं. पण नीट बघितलं तर या माणसाने एकच गोष्ट वेगवेगळ्या दारांनी शिकून घेतली होती. प्रकाश पडला की कागदावर, काचेवर, दगडावर काय उमटतं आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला ते काय वाटतं, ही ती गोष्ट.

आता 1911 सालचा एप्रिल महिना. ईस्टरचे दिवस. दादासाहेब मोठ्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. तिथे जी फिल्म चालू होती तिचं नाव होतं 'अमेझिंग ॲनिमल्स'. हे नाव मी दोनदा वाचलं. भारतीय सिनेमाच्या जनकाला सिनेमाचं वेड लागायच्या आदल्या दिवशी त्याच्या समोर जी चित्रं हलत होती ती जनावरांची होती! भालचंद्रने घरी येऊन आईला सांगितलं की भिंतीवर जनावरं चालत होती. घरात कुणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या कुटुंबाला घेऊन दादासाहेब पुन्हा तिथे गेले. पण ईस्टर असल्यामुळे त्या दिवशी लावली होती ती येशूच्या आयुष्यावरची फिल्म. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ईस्टरच्या आधी शाळेच्या हॉलमध्ये पडदे ओढून येशूचा सिनेमा दाखवणं म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत आहे. शेवटी शेवटी हॉलमध्ये कुणी खोकत सुद्धा नाही. दादासाहेबांचंही तसंच झालं असणार. फक्त त्यांच्या डोळ्यांसमोर येशूच्या जागी कृष्ण आला, राम आला, गोकुळ आलं, अयोध्या आली. असं आपल्या देशात आपल्या माणसांनी का करू नये, हा प्रश्न त्यांना तिथे बसल्या बसल्या पडला आणि मग तो सुटेचना.

सगळे चरित्रकार या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करतात. साहजिक आहे, गोष्ट तिथेच वळण घेते. पण पहिल्या दिवशी त्या घरात जो वाद झाला तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलगा म्हणतो मी पाहिलं, बाकीचे म्हणतात असं होऊच शकत नाही, आणि वाद मिटवायचा एकच मार्ग म्हणजे नेऊन दाखवणं. दादासाहेबांनी पुढच्या वर्षी नेमकं हेच केलं.

त्याआधी मात्र वर्षभर त्यांनी स्वतःचे हाल करून घेतले. मुंबईत लागेल ती फिल्म बघायची. स्वस्तातला एक छोटा कॅमेरा आणि फिल्मची रिळं मिळवून घरी रात्र-रात्र प्रयोग करायचे. तीन-साडेतीन तास झोप. घरातल्या वस्तू एक-एक करून विकायच्या. शेवटी डोळ्यांनी दगा दिला, काही दिवस जवळजवळ दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने दृष्टी परत आली. ज्याला चित्रं हलवायची आहेत त्याचेच डोळे गेलेले, ही कल्पना सुद्धा नको वाटते. आणि बरं झाल्यावर हा माणूस पुन्हा तेच करायला बसला!

सामान इंग्लंडहून आणायचं तर पैसे हवेत. फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी असलेले मित्र यशवंतराव नाडकर्णी यांच्याकडे आपली बारा हजारांची विमा पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी दहा हजार रुपये कर्ज काढलं आणि 1 फेब्रुवारी 1912 ला लंडनची बोट धरली. तिथे ओळखीचं कुणी नाही. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी दिसली म्हणून सरळ आत गेले. संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या फंदात पडू नका असंच समजावलं, आणि माणूस ऐकत नाही हे बघून सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत नेऊन सोडलं. हेपवर्थ इंग्लंडचे मोठे फिल्ममेकर. त्यांनी सगळी खाती उघडून दाखवली. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं मशीन यांची ऑर्डर देऊन दादासाहेब 1 एप्रिलला परत आले. सामान मे महिन्यात मुंबईत पोचलं.

आता कॅमेरा आहे, ज्ञान आहे, जिद्द आहे. सिनेमा काढायला लागणारे पैसे नाहीत. सावकारांचंही चुकत नव्हतं. त्यांनी हिंदुस्थानात कुणी असा कथेचा सिनेमा काढून पैसे मिळवलेले पाहिलेच नव्हते. आपल्या फायनल इयर प्रोजेक्टला स्पॉन्सर शोधताना कंपनीचे लोक जे विचारतात तेच त्यांनी विचारलं असणार, की वर्किंग मॉडेल कुठे आहे.

दादासाहेबांनी वर्किंग मॉडेल म्हणून एक कुंडी घेतली, त्यात वाटाणे पेरले (पुण्याच्या मंडईत मटार म्हणतात ते!) आणि समोर कॅमेरा लावला. महिन्यापेक्षा जास्त दिवस तो कॅमेरा तिथून हलला नाही.

वाटाणाच का, असा प्रश्न मला पडला. त्यांनी ज्या कारणाने निवडला असेल ते असो, पण निवड अगदी अचूक होती. वाटाणा मोठा असतो, थोड्याच दिवसांत मातीतून वर येतो आणि मुख्य म्हणजे तो वेल आहे. त्याला बारीक तणावे फुटतात आणि ते तणावे आधार शोधत हवेत गोल-गोल फिरतात. हे फिरणं इतकं सावकाश असतं की समोर बसून राहिलात तरी दिसणार नाही. चार्ल्स डार्विनने वेलींच्या या हालचालींवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे. पण ते वाचणं वेगळं आणि तणावा चाचपडत येऊन काडीला विळखा घालतो हे बघणं वेगळं. झाडाला जीव असतो हे आपण पाचवीपासून पाठ करतो. ते पटतं मात्र असं काही पाहिलं की.

आता थोडा हिशोब. (इंजिनीअरिंगचं मासिक आहे, एक तरी कॅल्क्युलेशन हवंच.) कुठे कुठे असं सांगतात की दादासाहेब रोज एक फ्रेम घ्यायचे. ऐकायला छान आहे. पण मूकपटाचा वेग धरा सेकंदाला 16 फ्रेम. मिनिटभराच्या फिल्मला 16 गुणिले 60, म्हणजे 960 फ्रेम लागतात. रोज एकच घेतली तर 960 दिवस, अडीच वर्षांहून जास्त! आणि महिनाभरात 30 फ्रेम घेतल्या तर फिल्म दोन सेकंदांत संपली. म्हणजे महिन्याभरात मिनिटभराची फिल्म हवी असेल तर रोज साधारण 32 फ्रेम घ्यायला लागल्या असणार. दिवसाचे बारा तास उजेड धरला तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. त्या काळच्या कॅमेऱ्याच्या हँडलची एक पूर्ण फेरी म्हणजे साधारण आठ फ्रेम, तेव्हा दिवसातून चार वेळा एक-एक फेरी मारली तरी आकडा तोच येतो, पण मग वेल पडद्यावर उड्या मारत वाढेल. यातलं त्यांनी काय केलं ते बाजूला ठेवा. कसंही केलं तरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरातल्या कुणाला तरी त्या कुंडीची ड्यूटी होती, सलग महिनाभर. जेवताना मध्येच उठायचं. मुलांना तिकडे फिरकू द्यायचं नाही. पाणी घालताना कुंडी बोटभर सुद्धा सरकता कामा नये.

आमच्या फोटोग्राफी क्लबमधल्या एकाने हा हिशोब खरा का खोटा ते बघायचं म्हणून हॉस्टेलच्या खिडकीत वाटाणा लावून मोबाईल स्टँडला बांधला होता. मोबाईलमध्ये सगळं आपोआप होतं, दर वीस मिनिटांनी फोटो निघतो, झोपून राहिलं तरी चालतं. तरीही उजेड काही आपलं ऐकत नाही. ढग आला की फ्रेम काळी, ऊन आलं की पांढरी, आणि फिल्म चालवली की पडदा नुसता लुकलुकतो. दादासाहेबांकडे यातलं काही आपोआप नव्हतं. निगेटिव्ह धुतल्याशिवाय काय आलंय ते कळायची सोय नव्हती, म्हणजे महिनाभराची मेहनत डेव्हलप होईपर्यंत अंधारातच.

ही कल्पना जगात त्यांना एकट्यालाच सुचली होती असं मी म्हणणार नाही. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म फेफर या शास्त्रज्ञाने 1900 च्या आसपास झाडांची वाढ अशी टिपली होती. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथची 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर' 1910 मध्ये आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. त्याच काळात कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस झाडांच्या संवेदना यंत्रांनी मोजत होते. मात्र फेफर आणि बोस यांच्यामागे प्रयोगशाळा होत्या, स्मिथमागे फिल्म कंपनी होती. दादासाहेबांच्या मागे एक गहाण पडलेली पॉलिसी आणि एक बायको होती.

तर त्या सरस्वतीबाई. कोडॅकची कच्ची फिल्म तेव्हा कडेची भोकं न पाडता यायची. कॅमेऱ्याचे दात फिल्मला पुढे ओढतात ते त्या भोकांत अडकून, म्हणजे भोकांशिवाय फिल्म हलणार नाही. आणि फिल्मला उजेड चालत नाही, म्हणून हे काम पूर्ण अंधारात. सरस्वतीबाई दिवसभराचं घरकाम आटोपून रात्री अंधाऱ्या खोलीत मशीनवर भोकं पाडत बसायच्या. फुटाला 16 फ्रेम आणि एका फ्रेमला प्रत्येक कडेला चार भोकं. वाटाण्याची साठेक फूट फिल्म म्हणजे एका कडेला 3840 भोकं. पुढे 'राजा हरिश्चंद्र' 3700 फुटांचा झाला, त्याची एका कडेची भोकं होतात 2 लाख 36 हजार 800. आणि ही फक्त पडद्यावर दिसलेल्या लांबीची! हँडल मारलेल्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, भोकं पाडलेल्या बाईचं नाव क्विझमध्ये कधी विचारत नाहीत. फिल्म धुण्यातही त्या होत्या, शूटिंगच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडण्यातही होत्या, आणि पुढे साठ-सत्तर माणसांच्या कंपनीचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता.

'अंकुराची वाढ' तयार झाल्यावर दादासाहेबांनी ती मोजक्या लोकांना दाखवली. त्यात नाडकर्णी होते आणि नारायणराव देवहरे होते. मिनिटभरात माती फुटली, कोंब आला, पानं आली, वेल चढला. आणि सावकारांनी कर्ज द्यायचं कबूल केलं! घरचे दागिनेही गेलेच. पण विश्वास बसला तो वाटाण्यामुळे. जे रोज कुठल्याही परसात होतं आणि कुणालाच दिसत नाही ते या माणसाने दाखवलं, मग हा हरिश्चंद्रही दाखवेल, असा काहीसा विचार त्यांनी केला असावा. आपल्या देशातल्या कथापट धंद्याचं पहिलं फंडिंग निसर्गावरच्या फिल्मने मिळवून दिलं, आणि ही गोष्ट मला आपल्या पाठ्यपुस्तकांत हवी आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दादरला मथुरा भवनमध्ये सेट लागले, तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून साळुंके नावाच्या तरुणाला साडी नेसवली, भालचंद्र रोहिदास झाला. 21 एप्रिल 1913 ला ऑलिंपियात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि 3 मे 1913 ला कॉरोनेशनमध्ये तिकिटं विकली गेली. परेश मोकाशींचा 2009 चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघितलेल्यांना हे सगळं चित्रासकट आठवेल.

आता मला खरा अडलेला मुद्दा. वाटाण्याने पैसे मिळवून दिले आणि दादासाहेबांनी वाटाण्याला सोडलं. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', 'लंकादहन', 'श्रीकृष्ण जन्म', 'कालिया मर्दन'. देव, दैत्य आणि चमत्कार. आमच्या क्लबमध्ये यावर भांडण झालं. एका गटाचं म्हणणं, त्यांना निसर्गाचं काही नव्हतंच, वाटाणा म्हणजे नुसता डेमो, काम झालं आणि टाकून दिला. हे मला मान्य नाही. कारण 1913 नंतर ते नाशिकला गेले आणि तिथे मोठ्या सिनेमांच्या बाजूला छोट्या फिल्म्स काढतच राहिले. आगकाड्या आपोआप हलून आकार करतात अशी एक. सिंहस्थ पर्वणीची एक. सिनेमा कसा तयार होतो ते दाखवणारी एक. आणि आपल्या पुण्याच्या शेजारची एक, तळेगावच्या काच कारखान्याची. हा पैसा फंडाचा कारखाना, लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभा राहिलेला, स्वदेशी चळवळीतला. काच कशी वितळते, कशी फुंकतात, हे लोकांना पडद्यावर दाखवावंसं वाटणारा माणूस वाटाण्यापासून फार लांब गेला असं मला नाही वाटत. फक्त या फिल्म्स मुख्य खेळाच्या अलीकडे-पलीकडे लावायच्या, ताटातल्या लोणच्यासारख्या. लोणच्यासाठी कुणी तिकीट काढत नाही. तिकीट काढायचे ते रामासाठी आणि कृष्णासाठी, आणि पगार त्यातूनच द्यायचे होते. शिवाय खरं सांगायचं तर दादासाहेबांच्या मनातही कृष्णच होता, त्यांना गिरगावात दिसला होता तो. त्यांच्यावर हा आरोप करायचाच असेल तर निम्मा आपल्या पणजोबांवर, म्हणजे प्रेक्षकांवर, करावा लागेल.

लोणच्याची ही जागा नंतरही फार काळ बदलली नाही. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजन आलं, थिएटरमध्ये मुख्य सिनेमाआधी माहितीपट दाखवणं सक्तीचं झालं आणि लोक तेवढ्या वेळात बाहेर चहा पिऊन यायला लागले. आमचे आजोबा अजून हे हसत-हसत सांगतात. पुण्यातल्याच एफटीआयआयमध्ये शिकलेले नरेश बेदी यांनी गंगेतल्या घडियालींवर फिल्म केली आणि 1984 मध्ये तिला 'वाइल्डस्क्रीन पांडा' हे या क्षेत्रातलं मोठं बक्षीस मिळालं, पण आपल्याकडे किती थिएटरांनी ती लावली? माइक पांडेंची 'शोअर्स ऑफ सायलेन्स' 2000 साली आली. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या अवाढव्य, निरुपद्रवी माशाची होणारी कत्तल त्यांनी दाखवली आणि 2001 मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात टाकून त्याच्या शिकारीवर बंदी आली. भालचंद्रच्या घरातला वाद आणि नाडकर्ण्यांची शंका जशी मिटली तशीच ही बंदी आली, नेऊन दाखवल्यावर. आता 2022 मध्ये शौनक सेनची 'ऑल दॅट ब्रीद्स' कानमध्ये बक्षीस घेऊन आली. दिल्लीच्या काळपट हवेत पडणाऱ्या घारींना वाचवणारे दोन भाऊ, बस्स, एवढाच विषय. ती लोकांनी घरी बसून पाहिली, लॅपटॉपवर, मोबाईलवर, रात्री दोनला सबमिशन लिहिता लिहिता. तिकीट कशासाठी काढायचं हा प्रश्न फोनने मिटवला म्हणा ना.

दादासाहेबांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. 1918 च्या सुरुवातीला त्यांनी पाच भागीदारांबरोबर नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. पैसा आला, त्याबरोबर हिशोबाच्या वह्या आल्या, आणि दादासाहेबांचं वह्यांशी कधी जमलं नाही. ते कंपनी सोडून काशीला गेले. तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. परत बोलावलं तसे परत आले, पण आधीची मजा गेली होती. तेवढ्यात सिनेमा बोलायला लागला. 'सेतुबंधन' त्यांनी मूकपट म्हणून केला आणि मग त्याला आवाज चिकटवायला लागला. 1937 मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' केला, त्यांचा एकमेव खरा बोलपट आणि शेवटचा सिनेमा. सुमारे पंच्याण्णव मोठे सिनेमे आणि सत्तावीस छोट्या फिल्म्स एवढं काम करून हा माणूस नाशिकला जवळजवळ विस्मरणात गेला आणि 16 फेब्रुवारी 1944 ला वारला. त्यांच्या नावाचं पारितोषिक सुरू व्हायला 1969 उजाडलं.

फिल्म्सचं काय झालं? त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती जपली नाही तर चिकट होते, भुकटी होते, नाहीतर पेट घेते. 2003 च्या जानेवारीत एफटीआयआयच्या आवारातल्या नायट्रेट फिल्म्सच्या कोठाराला आग लागली तेव्हा कितीतरी जुनी रिळं गेली. लॉ कॉलेज रोडचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये सुरू झालं. त्याचे पी. के. नायर दादासाहेबांच्या मुलांपर्यंत पोचले आणि उरलीसुरली रिळं मिळवून आणली, म्हणून 'राजा हरिश्चंद्र'चे तुकडे आणि 'कालिया मर्दन'चा बराच भाग आज बघता येतो. संग्रहालय 2022 मध्ये एनएफडीसीत विलीन झालं. 'अंकुराची वाढ' त्या रिळांत नाही.

पण सिनेमा कसा तयार होतो ते दाखवणाऱ्या फिल्मचे काही तुकडे वाचले आहेत आणि त्यात दादासाहेब स्वतः दिसतात. फिल्मची पट्टी दोन्ही हातांत धरून ते ती उजेडाकडे करून बघतात, पुढे सरकवतात, पुन्हा बघतात. कॅमेऱ्याकडे त्यांचं लक्षच नाही.